क्युसेक, क्युमेक आणि मामाच्या खुंट्या

पावसाळ्यात चंद्रपूरच्या आमच्या वृत्तपत्राच्या डेस्कवर दोन शब्द रोज येतात, क्युसेक आणि क्युमेक. धरणातून किती पाणी सोडलं किंवा नदीतून किती वाहत आहे, हे सांगणारी ही मापं. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट पाणी. क्युमेक म्हणजे सेकंदाला एक घनमीटर. एका घनमीटरमध्ये साधारण पस्तीस घनफूट बसतात. फोनवर बातमी सांगणारा वार्ताहर घाईत असला, मागे पाऊस वाजत असला, की दोन्ही शब्द सारखेच ऐकू येतात. म्हणून डेस्कवर नियम आहे. शब्दावर विसंबायचं नाही, 'फुटातलं की मीटरमधलं' हे वेगळं विचारायचं.

असे शब्द बरेच आहेत. घुग्घुसच्या वार्ताहराला कोळशाचा टन एकच माहीत होता. इंग्रजीत टन नावाची तीन वजनं आहेत, ब्रिटिशांचं हजार किलोहून थोडं जास्त, अमेरिकेचं थोडं कमी आणि मेट्रिक टन बरोबर हजार किलोचं. बोलताना तिन्ही टनच. त्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, इथी ट्रकवाले चौथाच टन भरून राह्यले. थो लिवू का?"

आलापल्लीहून सागवानाच्या लिलावाची बातमी आली, तिच्यात घनफुटाचा भाव घनमीटरला लावला होता. पानं लावणाऱ्यानं ती वाचून जाहीर केलं, की या भावात दारं-खिडक्याच काय, तो अख्खं घर सागाचं बांधेल आणि उरलेल्या लाकडात कार्यालयही दुरुस्त करून देईल. एका शिकाऊ मुलीनं तालुक्याचा पाऊस मिलिमीटरऐवजी मिलिलिटरमध्ये लिहिला. डेस्कचे प्रमुख चष्म्यावरून बघत म्हणाले, "पाऊस पडला का कोणाला सिरप पाजलं?" आरोग्याच्या बातम्यांत मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम असत. मायक्रोग्रॅम हा मिलिग्रॅमचा हजारावा भाग. तिथे कोणी हसत नसे.

प्रमुखांचं एक म्हणणं होतं. आकड्याला आडनाव लावा. आडनावाशिवाय आकडा म्हणजे लावारिस, कोणाच्याही घरात घुसतो. हळूहळू ही आडनावं तपासायचं काम माझ्याकडे आलं. रजेवर असले तरी त्यासाठी फोन येई.

त्या ऑगस्टमध्ये मी रजेवर होते. मामाच्या डोळ्यांत मोतीबिंदू वाढला होता, आणि त्याला शस्त्रक्रियेसाठी चंद्रपूरला आणायचं होतं. आई गेल्यावर शाळेची काही वर्षं मी मामा-मामीकडेच होते. त्यांचं गाव वैनगंगेच्या काठावर आहे. चंद्रपूरहून रेल्वेनं वडशाला उतरायचं, पुढे ऑटो. गावात शिरण्याआधी एक नाला लागतो. त्यावर पूल नाही, रपटा आहे, म्हणजे पाणी वाढलं की वरून वाहू द्यायचा बुटका रस्ता. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला हा नाला, मधल्या बेचक्यात वस्ती. रपटा बुडाला की बाहेर पडायला दुसरी वाट नाही.

आमची गल्ली नदीच्या अंगाला, शेवटची. गल्लीच्या तोंडाशी विहार आहे. तिथून घाटाकडे उतार जातो. दर पावसाळ्यात त्या उतारावर मामा बांबूच्या खुंट्या ठोकतो. पहिली पाण्याच्या कडेला, दुसरी तिच्याहून हातभर उंचावर, तिसरी आणखी हातभर. शेवटची विहाराच्या खालच्या पायरीशी. नदी किती चढली हे गल्लीत फुटांत किंवा मीटरमध्ये कोणी सांगत नाही. दुसरी बुडाली, तिसरीले टेकली, असं सांगतात. एका खुंटीवरून दुसरीवर जायला पाण्याला किती वेळ लागला, तेही घड्याळावर बघत नाहीत. तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडात टाकायचा. तो चघळून होईपर्यंत पुढची खुंटी ओली झाली, तर पाणी जोरात आहे.

चौथी बुडाली की गुरं सोडायची. शेवटच्या खुंटीला पाणी लागलं की मामा खाली उतरून हाताला लागतील तेवढ्या खुंट्या उपटायचा आणि विहाराच्या ओट्यावर आणून टाकायचा. ही खूण होती. खुंट्या ओट्यावर पडल्या की गल्ली निघायची. मग कोणी काही विचारत नसे, आणि मामा काही समजावत नसे. हे काम त्याच्याकडे त्याच्या वडिलांकडून आलं होतं.

दोन वर्षांपासून त्याला खुंट्या दिसत नव्हत्या. तो घाटावर उभा राही, मामी शेजारी. ती हळू आवाजात सांगे, तो मोठ्या आवाजात. हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं आणि त्यावर कोणी बोलत नसे.

मी पोचले त्याच्या दुसऱ्या दिवशी पाऊस थांबलेला होता. सकाळी चांगलं ऊन पडलं. बायकांनी ओल्या गोधड्या-लुगडी कुंपणावर टाकली. रोवणी राहिलेल्या दोन-तीन घरची माणसं नाल्यापलीकडच्या धानाच्या बांध्यांत जायला निघाली. जाताना प्रत्येकजण विहाराजवळ थांबून मामाला विचारत होता.

"मामा, कसं हाये?"

"दुसरीवर हाये. कालपासून थितंच हाये. जा बिनधास्त."

शेजारचा ऑटोवाला मोबाइल घेऊन आला. तो बोलायला फटकळ, पण मला वडशाहून आणल्याचं भाडं त्यानं घेतलं नव्हतं.

"मामा, मोबाइलवरबी आलं पाह्य. काल लाखाच्या घरात होता आकडा, आज हजारात आला. वरून पाणी कमी करून राह्यले."

"मंग! मी काय म्हनलो होतो? मोबाइलले आज समजलं, खुंटीले कालच समजलं होतं."

"हो," मामी म्हणाली, "अन् खुंटीचं तुमाले कोण सांगतलं होतं?"

ऑटोवाला हसला. मामाही हसला. मामा-मामी घाटाच्या वरच्या अंगाला दगडावर बसली. मामीनं पदरानं त्याच्या चेहऱ्यावरचं ऊन अडवलं, कारण उजेडात त्याच्या डोळ्यांना पाणी येई. उद्या निघायचं ठरलं होतं. त्याचं एक धोतर आणि दोन सदरे तिनं पिशवीत आधीच भरून ठेवले होते.

डेस्कच्या प्रमुखांचा फोन ऊन डोक्यावर आलं तेव्हा आला.

"रजेवर आहात, माहीत आहे. एकच विचारतो. विसर्गाचा आजचा आकडा कालच्यापेक्षा फारच लहान दिसतो. 'विसर्ग घटला' असं शीर्षक केलंय वार्ताहरानं. जाऊ देऊ?"

"मूळ संदेश वाचून दाखवा."

त्यांनी वाचला. आकड्यापुढे क्युमेक होतं.

"फुटातलं की मीटरमधलं?"

"मीटरमधलं. स्पष्ट लिहिलंय."

"आणि काल आपण छापलं ते?"

कागद चाळल्याचा आवाज आला. काल वार्ताहरानं वाचकांच्या सवयीचं माप म्हणून आकडा स्वतःच गुणून क्युसेकमध्ये दिला होता. बातमी बरोबर होती. गावोगाव मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत मात्र कालचा आणि आजचा आकडा एकाखाली एक होता, आणि दोन्हीपुढे माप लिहिलेलं नव्हतं.

मी आजचा आकडा पस्तीसनं गुणला. उत्तर कालच्या दुपटीहून जास्त आलं.

"शीर्षक थांबवा," मी म्हटलं. "वाढला आहे. वरच्या गावांची काही बातमी?"

त्यांनी वरच्या एका गावाचं नाव सांगितलं. तिथला रपटा सकाळीच पाण्याखाली गेला होता. मग त्यांनी "तुम्ही नदीकाठीच आहात ना?" असं विचारलं आणि उत्तराची वाट न बघता म्हणाले, "निघा."

मामाला सांगायला गेले तेव्हा तो दगडावरच होता. मी जे कळलं ते क्रमानं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं.

"आकडा लहान झाला," तो म्हणाला. "खुंटी कोरडी हाये. ऊन पडून राह्यलं. अन् तू म्हणते पाणी येते."

"आकडा लहान झाला कारण माप मोठं झालं, मामा."

"मतलब?"

त्याला दिसणार नव्हतं म्हणून मी त्याचे हात हातात घेतले. एक वीतभर अंतरावर धरले, मग वीतभराहून थोडे आणखी लांब केले. "हा एक फूट. इतका लांब, इतका रुंद, इतका खोल डबा. त्यात मावेल तेवढं पाणी दर सेकंदाला जातं, तर तो एक क्युसेक." मग त्याचे हात फाकवले. त्याच्या कोपरापासून बोटापर्यंतचे दोन हात आणि वर थोडं. "हा मीटर. इतका लांब, इतका रुंद, इतका खोल. हा भरून जातो, तर क्युमेक."

त्याचे हात तसेच हवेत राहिले. त्यानं ते जवळ आणले, पुन्हा लांब केले. दोन डब्यांच्या मधली हवा तो चाचपत होता.

"ह्या मोठ्यात लहान किती बसतील?"

"पस्तीस."

"दोन्हीचं नाव सारखंच काऊन ठेवलं?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. दोन्ही नावं इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून झाली आहेत आणि 'क्युबिक' व 'सेकंद' हे शब्द दोन्हींत आहेत. पण ते सांगायची ती वेळ नव्हती.

मामी मघापासून ऐकत होती. "म्हंजे काल पायलीनं मोजलं अन् आज खंडीनं, असंच ना?"

"असंच."

"मंग सरळ सांग ना, बाई." ती मामाकडे वळली. "अवो, कोठ्यात पन्नास पायल्या धान हाये अन् ढोलीत दहा खंड्या. आकडा कोणता मोठा?"

"पन्नास."

"अन् धान कुठी जास्त?"

मामा जन्मभर धान मोजलेला माणूस. मापांतला फरक त्याच्या ध्यानात आला, ते चेहऱ्यावर दिसलं.

तरी तो म्हणाला, "पण खुंटी?"

"खुंटीपर्यंत अजून आलं नाही. वरून निघालं आहे." मी वरच्या गावाचं नाव सांगितलं. रपटा सकाळी गेला, हेही सांगितलं.

त्या गावाचं नाव ऐकल्यावर तो वेगळ्या आवाजात बोलू लागला. लग्नाआधी त्यानं काही हिवाळे बांबूच्या तराफ्यांवर काढले होते. बांबू बांधून नदीत सोडायचे आणि त्यावर बसून खाली यायचं. "थितून भाकर खाऊन निघालो तं दिवस कलताना आपल्या घाटाले लागत होतो. थे हिवाळ्याचं पाणी, लोळत येते. पुराचं पयत येते." त्यानं तोंड उन्हाकडे केलं, ऊन गालावर कुठे लागतं ते बघितलं. "म्हंजे आता येतेच. पण घाटाकडून नाई येणार पयले. नदी फुगली की नाल्याले रस्ता नाई भेटत. नाला मागंच तुंबते."

"आणि रपटा?"

"पाणी असं एकदम आलं तं पयला थोच जाते."

हे सगळं त्याला कळलं होतं, आणि तरी तो उठला नाही. मामीनं खर्ऱ्याची पुडी पुढे केली, ती त्यानं घेतली नाही.

"कोरडी खुंटी म्या कधी उपटली नाई," तो म्हणाला. "माह्या बापानंबी नाई उपटली. आज उपटली अन् पाणी नाई आलं, तं पुढच्या साली माई खुंटी कोण मानन? डोळ्याचं तं साऱ्यायले मालूम हाये. आता म्हणतील बुढ्याचं डोकंबी गेलं."

"म्हणू द्या," मामी म्हणाली.

"तुले काय जाते म्हणाले?"

"मले काय जाते?" मामीचा आवाज चढला. "तिसऱ्या घरच्या सुनेचे दिवस भरत आले हाये. थिले उद्या कंबरभर पाण्यातून रपट्यावरून कोण नेईन? तुमी? का मी? आधी हे सांगा, मंग बसा इथी दगडावर दिवसभर."

मामानं हात पुढे केला. त्याला उठायचं असलं की तो असाच हात पुढे करी, बघत नसे. मामीनं तो धरला.

दोघं उतारावरून खाली गेली. मी मागे होते. पाणी दुसऱ्या खुंटीच्या बुडाशी शांत पडलं होतं, गढूळ, वर उन्हाची चकाकी. ती त्याला नेऊन खुंटीजवळ उभी करी, त्याचा हात खुंटीच्या डोक्यावर ठेवी आणि बाजूला होई. उपटायचं काम तोच करी. दुसरी ओली होती, ती चिखलातून सहज निघाली. तिसरी कोरड्या मातीत घट्ट बसली होती. त्यानं ती दोन्ही हातांनी हलवली, आजूबाजूची माती मोकळी केली, पुन्हा हलवली. मामी वाकली नाही. तिनं फक्त त्याच्या पाठीला हाताचा आधार दिला. तिसरी निघाली, मग चौथी, मग पायरीशी असलेली शेवटची. तिसरीपासून प्रत्येक खुंटीचं टोक त्यानं अंगठ्यानं पुसून बघितलं. कोरडं होतं.

एव्हाना वर माणसं जमली होती. ऑटोवाला पुढे होता.

"मामा, कोरड्या खुंट्या उपटून राह्यले? मोतीबिंदू एकदम वाढला का?"

कोणीतरी हसलं.

"तुई नजर चांगली हाये ना?" मामा चढता चढता म्हणाला.

"एकदम फस्क्लास."

"मंग तुयाच्यानं दिसते तवर ऑटो काढ. तिसऱ्या घरच्या सुनेले बसव पयले. माहं डोकं तपासाले मंग ये."

विहाराच्या ओट्यावर त्यानं खुंट्या टाकल्या. बांबू दगडावर पडल्याचा आवाज झाला आणि त्यानंतर कोणी हसलं नाही. क्षणभर सगळे खुंट्यांकडे बघत राहिले, खुंट्यांवरच्या सुक्या मातीकडे. मग एक म्हातारी म्हणाली, "उपटल्या नं? मंग पाहून काय राह्यले?" आणि आपल्या घराकडे वळली.

त्यानंतरचं काम गल्लीला पाठ होतं. गुरं आधी हाकलली. रोवणीला गेलेल्यांना नाल्यापलीकडेच थांबा म्हणून फोन केले. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत धानाची पोती, गॅसच्या टाक्या, अंथरुणं, म्हातारी माणसं. विहारातली मूर्ती दोघांनी चादरीत गुंडाळून मांडीवर घेतली. मामीनं कोंबड्या टोपलीत घातल्या, टोपली लुगड्यानं बांधली आणि ती कोणाच्याही हातात द्यायला नकार दिला. ऑटोवाल्यानं तिसऱ्या घरच्या सुनेला आणि तिच्या सासूला बसवलं, मामाला पुढे आपल्या शेजारी घेतलं. मी मागे कोपऱ्यात दबले होते. मामी टोपली घेऊन ट्रॉलीत.

रपट्यावर अजून पाणी नव्हतं. ते रस्त्याच्या दोन्ही कडांना टेकलं होतं.

"थांबव," मामा म्हणाला. ऑटो थांबला. "बाई, खाली पाह्य. पाणी कोणीकडे चाललं?"

नाला नदीकडे वाहतो. मी वाकून बघितलं. पाण्यावर पळसाची पानं आणि फेसाचा एक तुकडा होता. दोन्ही जागच्या जागी उभे होते. मग फेसाचा तुकडा हळूच वळला आणि नदीकडून गावाकडे, वरच्या बाजूला जाऊ लागला.

"उलटं," मी म्हटलं.

ऑटोवाल्यानंही ते बघितलं होतं. मामानं काही सांगण्याआधी त्यानं ऑटो चालू केला. पलीकडे आम्हाला उतरवून तो पुन्हा रपट्यावरून गावात गेला, उरलेल्यांना आणायला. तसा तो दोनदा गेला. दुसऱ्या वेळी परतला तेव्हा त्याची चाकं ओली होती. शेवटचा ट्रॅक्टर आला तेव्हा पाणी त्याच्या चाकांच्या मधोमध आलं होतं, आणि ऊन तसंच पडलेलं होतं.

नाल्यापलीकडच्या मोठ्या गावची शाळा उंचावर आहे. आमची गल्ली तिथल्या दोन वर्गांत राहिली. संध्याकाळपर्यंत रपटा दिसेनासा झाला होता. रात्री कोणाला बघायला जाता आलं नाही, पण नाल्याच्या बाजूनं एक सारखा, न थांबणारा आवाज येत होता आणि तो सगळे ऐकत होते. प्रमुखांना मी दुपारीच खुशाली कळवली होती. त्यांनी दुसऱ्या दिवशीच्या अंकात आकडा दोन्ही मापांत छापला. बातमीत आमच्या गल्लीचा उल्लेख एका ओळीत होता, स्थलांतरित कुटुंबं म्हणून.

दवाखान्यात फोन करून मी शस्त्रक्रियेची तारीख पुढे घेतली.

पाणी घरांत गेलं. आमच्या घरात खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत, ऑटोवाल्याकडे त्याहून वर, त्याचं घर उतारावर आहे म्हणून. गोठ्याची एक मातीची भिंत बसली. हे सगळं नंतर परत गेल्यावर कळलं. शाळेत असताना कोणाला काही माहीत नव्हतं, प्रत्येकजण आपल्या घराचा अंदाज बांधत होता आणि बहुतेक चुकत होता. तिसऱ्या घरची सून वर्गाच्या कोपऱ्यात पोतं टेकून झोपली होती. तिच्या सासूनं मामीजवळ बसून बराच वेळ कोंबड्यांच्या भावाविषयी गप्पा मारल्या, आणि उठताना मामीचे दोन्ही हात धरून ठेवले.

मामा भिंतीला टेकून बसे. त्याच्याकडे कोणी येऊन "तुमी म्हनले तसंच झालं" असं म्हटलं नाही. आमच्या गल्लीत तशी रीत नाही. ऑटोवाला त्याचा चहा आधी आणून देई, इतकंच. एकदा त्यानं चहा देताना विचारलं, "मामा, डोळे झाल्यावर मामीले काय काम राहीन हो?"

"काम?" मामी तिकडून म्हणाली. "डोळे झाल्यावर पयले घर पुसाले लावीन त्यायले. आतावरी दिसत नाई म्हणून सुटले."

तिसऱ्या दिवशी सकाळी आभाळ स्वच्छ होतं. शाळेच्या मैदानातून नाला दिसत नाही, मधे झाडं आहेत. पण आवाज कमी झाला होता. पुरुष अस्वस्थ होते. धान भिजलं असेल, विहिरीत गाळ गेला असेल, लवकर गेलो तर काही वाचेल. ऑटोवाल्यानं तीन घरची गाठोडी ऑटोत भरली, दोरीनं बांधली आणि मामासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मागे आणखी चार-पाच जण.

"मामा, जाचं का?"

इथे मामाकडे घाट नव्हता. उतारही नव्हता. मग त्यानं मान माझ्या आवाजाच्या अंदाजानं वळवली.

"बाई, तुया ऑफिसले फोन लाव. आजचा आकडा विचार. अन् कोण्या मापातला थे बी विचार."

मी फोन लावला. प्रमुखांनी आकडा सांगितला, न विचारता आडनावही सांगितलं. मी तो मोठ्यानं म्हटला, मग गुणून दुसऱ्या मापात म्हटला. दोन्ही कालच्यापेक्षा कमी होते, पण फार कमी नव्हते. मामानं वरच्या गावाचा रपटा उघडला का, ते विचारायला सांगितलं. उघडला नव्हता.

"आज नाई," तो म्हणाला. "उद्या सकाळी पाहू."

"उद्या नक्की ना, मामा?"

"थे उद्या सांगतो."

ऑटोवाला ऑटोकडे गेला. मग त्यानं दोरी सोडली आणि एकेक गाठोडं पुन्हा खाली काढायला लागला.